‘हम लोग’चे पहिले 13 भाग: कौटुंबिक मालिकेतील विनोद, उपदेश आणि ‘आपण’

पाठाची उद्दिष्टे

या पाठानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता याव्यात: (1) सिटकॉम आणि सोप ऑपेरा या दोन साच्यांतील फरक सांगणे, (2) ‘हम लोग’ या मालिकेच्या आरंभीच्या टप्प्यात उपदेश आणि कथानक यांच्यात झालेली ओढाताण समजावून देणे, (3) निर्मात्याला अभिप्रेत अर्थ आणि प्रेक्षकाने घेतलेला अर्थ यांत अंतर का पडते, याची सोदाहरण चर्चा करणे.

1. प्रास्ताविक

7 जुलै 1984 रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली आणि 17 डिसेंबर 1985 रोजी संपली. एवढ्या काळात तिचे दीडशेहून अधिक भाग प्रसारित झाले. भारतातील पहिली सोप ऑपेरा म्हणून तिचा उल्लेख माध्यम-अभ्यासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात येतो. बहुतेक ठिकाणी मात्र ती ‘विकासासाठी दूरचित्रवाणी’ या प्रकरणातले एक उदाहरण म्हणूनच येते. कुटुंबनियोजनाचा प्रचार, मेक्सिकोचा आदर्श, प्रेक्षकांची पत्रे असे मुद्दे विद्यार्थी पाठ करतात. ती एक कलाकृती होती, लोक ती पाहताना हसत होते आणि चिडत होते, ही गोष्ट बाजूला राहते.

आपण येथे समीक्षेच्या अंगाने एकच प्रश्न विचारणार आहोत. ही मालिका लोकांना का आवडली? त्याचे उत्तर शोधण्यासाठी सुरुवातीचे 13 भाग सोयीचे आहेत, कारण त्यांत मालिका फसता फसता सावरली. एखादी कलाकृती कशाने चालते हे ती जेथे अडखळते तेथे अधिक स्पष्ट दिसते.

शीर्षकापासूनच सुरुवात करू. हिंदीतील ‘हम’ हे सर्वनाम ऐकणाऱ्याला आत घेते की बाहेर ठेवते, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीला मात्र निवड करावी लागते. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. गुजरातीत आणि तमिळमध्येही असा भेद आहे. म्हणून ‘हम लोग’ हे शीर्षक मराठीत आणायचे झाले तर आधी ठरवावे लागते: ही मालिका ‘आम्ही’ म्हणते आहे की ‘आपण’? या पाठाचे प्रतिपादन असे की पहिल्या 13 भागांत मालिकेचा सूर ‘आम्ही सांगतो, तुम्ही ऐका’ असा होता. तो सूर ‘आपण’कडे वळला तेव्हा प्रेक्षक तिच्याशी जोडला गेला, आणि हे वळण घडवण्यात विनोदाचा वाटा मोठा होता.

2. दोन साचे: सिटकॉम आणि सोप ऑपेरा

सिटकॉम म्हणजे प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका. ठरावीक माणसे, ठरावीक जागा, दर भागात एक नवी अडचण आणि शेवटी सारे पूर्वपदावर, असा तिचा नियम असतो. पुढच्या आठवड्यात पात्रे काही शिकून आलेली नसतात आणि म्हणूनच ती पुन्हा तीच चूक करू शकतात. सोप ऑपेरा याच्या उलट चालते. तिच्यात काळ पुढे सरकतो. लग्ने होतात, माणसे आजारी पडतात, घरे मोडतात, आणि प्रेक्षक ‘पुढे काय होणार’ म्हणून परत येतो.

1984 मध्ये दूरदर्शनवर या दोन्ही साच्यांची ठळक उदाहरणे आली. ‘ये जो है ज़िंदगी’ ही मुंबईची मालिका सरळसरळ सिटकॉम होती. लेखन शरद जोशी यांचे, दिग्दर्शकांत कुंदन शाह, पडद्यावर शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी आणि जवळपास दर भागात वेगळ्या भूमिकेत येणारे सतीश शाह. तेथे कोणताही सामाजिक संदेश पुढे ठेवलेला नव्हता. मराठी प्रेक्षकाला तर हा प्रकार त्याआधीच ओळखीचा होता. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना मुंबई दूरदर्शनने 1970 च्या दशकाच्या अखेरीस पडद्यावर आणले होते. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोहोचले होते.

‘हम लोग’ साच्याने सोप ऑपेरा आहे. पण तिच्यातील अनेक दृश्यांची घडण सिटकॉमची आहे: तेच दाटीवाटीचे घर, तीच माणसे, प्रत्येकाची एक पक्की खोड आणि त्या खोडींची रोजची टक्कर. गोष्ट पुढे नेण्याचे काम सोपचे, आणि प्रेक्षकाला त्या घरात बसवून ठेवण्याचे काम विनोदाचे, अशी ही वाटणी आहे. मालिकेच्या आकर्षणाचा विचार करताना हा दुहेरीपणा विसरता येत नाही.

3. दिल्लीतील जन्म

मालिकेची कल्पना मात्र विनोदातून आलेली नव्हती. मेक्सिकोत मिगेल साबिदो या निर्मात्याने 1975 पासून लोकशिक्षणासाठी मालिका बनवल्या होत्या. एकीत प्रौढ साक्षरता, दुसरीत कुटुंबनियोजन असे विषय गोष्टीत गुंफलेले होते. साबिदोची रीत नेमकी होती. काही पात्रे अनुकरणीय, काही टाळण्याजोगी आणि काही मधली, म्हणजे बदलू पाहणारी. पहिल्यांना कथेत बक्षीस मिळते, दुसऱ्यांना शिक्षा होते, आणि मधल्या पात्रांबरोबर प्रेक्षकही हळूहळू बदलतो, अशी अपेक्षा.

हा प्रयोग भारतात यावा असे वाटणाऱ्यांत वसंत साठे प्रमुख होते. वर्ध्याचे हे खासदार केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत दूरचित्रवाणी आणण्यातही त्यांचा पुढाकार होता. मेक्सिकोतील मालिकांची माहिती त्यांना तेथील दौऱ्यात झाली. नंतर मंत्रालयाने ही कल्पना उचलून धरली.

लेखनाचे काम मनोहर श्याम जोशी यांच्याकडे आले. ते दिल्लीत ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादक होते. ‘कुरु कुरु स्वाहा’ आणि ‘कसप’ या कादंबऱ्यांमुळे हिंदी वाचकांना त्यांची ओळख होती. बोलीचा कान आणि तिरकस नजर ही त्यांच्या गद्याची वैशिष्ट्ये. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे आणि संगीत अनिल विश्वास यांचे. चित्रीकरण दिल्लीला लागून असलेल्या गुडगावच्या स्टुडिओत होई.

नटसंच हा मालिकेचा मोठा आधार होता आणि तो बराचसा दिल्लीच्या रंगभूमीवरून आला. मंडी हाउसच्या चौकाभोवती राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, अनेक नाट्यगृहे आहेत आणि जवळच दूरदर्शनचे मुख्यालय आहे. म्हणजे नाटक करणारे आणि दूरचित्रवाणी चालवणारे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. ‘यात्रिक’ या दिल्लीच्या नाट्यसंस्थेच्या स्थापनेपासूनच्या सुषमा सेठ येथे दादी झाल्या. विनोद नागपाल बसेसर राम झाले, जयश्री अरोडा भागवंती. सीमा भार्गव, म्हणजे पुढच्या सीमा पाहवा, बडकी झाल्या. सुषमा सेठ यांची कन्या दिव्या सेठ हिने मझलीची भूमिका केली. राजेश पुरी लल्लू, अभिनव चतुर्वेदी नन्हे आणि लवलीन मिश्रा छुटकी. हे चेहरे तेव्हा देशभरातल्या प्रेक्षकांना अनोळखी होते. त्याचा फायदा असा की नट आणि पात्र यांच्यामध्ये जुन्या प्रसिद्धीचा पडदा नव्हता. परिचित चेहरा एकच, अशोक कुमार यांचा, आणि तो घराबाहेर ठेवलेला होता. प्रत्येक भागाच्या शेवटी ते येऊन घडलेल्या गोष्टीवर दोन शब्द बोलत आणि निरनिराळ्या भारतीय भाषांत ‘हम लोग’ हे शब्द उच्चारून निरोप घेत.

4. पहिले 13 भाग: उपदेशाचा पराभव

मालिका सुरू झाली तेव्हा कुटुंबनियोजनाचा संदेश तिच्यात ठळक होता. प्रेक्षकांना तो रुचला नाही. कथानक संथ आहे, मालिका शिकवते फार, अशा प्रतिक्रिया आल्या. पहिल्या 13 भागांनंतर जोशी आणि निर्मात्यांनी धोरण बदलले. कुटुंबनियोजनाचा आग्रह पातळ झाला. त्याऐवजी स्त्रियांचे घरातील स्थान, हुंडा, दारू, बेकारी, पिढ्यांमधील मतभेद असे रोजच्या जगण्यातले विषय पुढे आले. यानंतर मालिकेची लोकप्रियता वाढत गेली.

हा तपशील प्रशासनाच्या भाषेत ‘प्रेक्षकांच्या प्रतिसादानुसार सुधारणा’ असा नोंदवला जातो. समीक्षेच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे. नऊ माणसांचे घर पाहा. आजी, आजोबा, आई, वडील, दोन मुलगे आणि तीन मुली. कुटुंबनियोजनाच्या दृष्टीने हे घर म्हणजे ‘असे करू नका’ याचे उदाहरण. पाच मुले आहेत म्हणून पैसा पुरत नाही, जागा पुरत नाही, शिक्षण पुरे होत नाही. पण मालिकेच्या दृष्टीने ती पाच मुले हीच सारी संपत्ती आहे. लल्लू नसेल तर नोकरीची वणवण नाही. मझली नसेल तर सिनेमाचे वेड नाही. छुटकी नसेल तर डॉक्टर होण्याचे स्वप्न नाही. जे घर प्रेक्षकाला दर आठवड्याला हवेसे वाटावे, त्याच घराकडे बोट दाखवून ‘ही माणसे जास्त आहेत’ असे सांगायचे होते. यांतली कोणती मुले नसती तर बरे झाले असते, या प्रश्नाचे उत्तर कोणताही प्रेक्षक देऊ शकत नाही, कारण तोवर त्याचा त्या प्रत्येकावर जीव जडलेला असतो.

म्हणजे अडचण जोशींच्या कौशल्याची नव्हती. कौटुंबिक मालिकेचा साचाच या संदेशाच्या विरुद्ध दिशेने ओढत होता. भरलेले घर दाखवणाऱ्या कलाप्रकाराकडून रिकाम्या घराचा प्रचार करून घेणे कठीण असते. हे ओळखून लेखकाने साच्याची बाजू घेतली आणि तेथून मालिका सावरली.

5. विनोद कोठे आहे?

मालिकेतील विनोदाच्या तीन जागा विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली जागा नावांची. मुलींची खरी नावे गुणवंती, रूपवंती आणि प्रीती. पण घरात त्यांना कोणी त्या नावांनी हाक मारत नाही. त्या बडकी, मझली आणि छुटकी, म्हणजे थोरली, मधली आणि धाकटी. नावाऐवजी क्रमांक. मराठी घरांतही ‘ताई’, ‘बाळ्या’, ‘धाकटी’ या हाका आयुष्यभर चिकटतात आणि पन्नाशीच्या माणसालाही ‘बाळ’ म्हणणारे कोणीतरी घरात असते. नावांमागे थट्टाही आहे. गुणवंती गुणी आहे आणि रूपवंतीला आपल्या रूपाची फार जाणीव आहे. आईबापांनी बारशालाच मुलींचे स्वभाव ठरवून टाकल्यासारखे हे दिसते. हसता हसता प्रेक्षकाच्या लक्षात येते की या मुलींना स्वतःची ओळख मिळवण्यासाठी आधी स्वतःच्या हाकेशीच झगडावे लागणार आहे. बडकीचे समाजकार्य, मझलीचे मुंबईला जाणे आणि छुटकीचा अभ्यास हे तिन्ही प्रयत्न त्याच दिशेचे आहेत.

दुसरी जागा अधिकाराची. दादाजी लष्करातून निवृत्त झालेले. घराला शिस्त लावण्याची त्यांची इच्छा आणि शिस्त न लागणारे घर, ही विनोदाची जुनी आणि खात्रीची जोडी आहे. बसेसर राम हा कुटुंबप्रमुख म्हणवतो, पण दारूपायी घराचा भार उचलत नाही. घरातल्या पुरुषाचा आवाज मोठा आणि वजन कमी, ही विसंगती हसवते. पण ते हसू फार काळ टिकत नाही, कारण त्या आवाजाची किंमत भागवंती मोजते. येथे मालिका सिटकॉमपासून दूर जाते. सिटकॉममध्ये दारुडा दुसऱ्या दिवशी नवा होऊन येतो. येथे काल उडवलेले पैसे आजही नसतात.

तिसरी जागा बोलण्याची. जोशींची पात्रे पुस्तकी हिंदी बोलत नाहीत. त्या काळी दूरदर्शनच्या बातम्यांची हिंदी संस्कृतप्रचुर आणि ताठ होती. त्याच पडद्यावर घरगुती वळणाची, अर्धवट तोडलेली, टोमण्यांनी भरलेली हिंदी ऐकू येणे ही स्वतंत्रपणे आनंदाची गोष्ट होती. सरकारी पडद्यावर प्रथमच कोणीतरी घरच्यासारखे बोलत होते. दादीची लोकप्रियता या बोलण्यात आहे. ती जुन्या वळणाची, मुलग्यांना झुकते माप देणारी म्हातारी आहे. तिचे विचार पटत नाहीत, पण तिचे बोलणे ऐकावेसे वाटते. विचार आणि आवाज यांतल्या या फटीतच विनोद राहतो.

जाहिरातीचाही एक नकळत विनोद येथे नोंदवावा. ‘हम लोग’ची प्रायोजक होती मॅगी नूडल्स, जी भारतात नुकतीच, 1983 मध्ये, आली होती. दोन मिनिटांत होणाऱ्या खाण्याच्या जाहिरातीला लागून पडद्यावर यायची भागवंती, जिचे स्वयंपाकघर दिवसभरात कधीच सुटत नाही. मध्यमवर्गाचे कालचे आणि उद्याचे स्वयंपाकघर एकाच अर्ध्या तासात शेजारी शेजारी बसले होते.

6. आर्ची बंकर आणि भागवंती

आता या पाठातील कळीच्या मुद्द्याकडे येऊ. त्यासाठी एका अभिजात अमेरिकन सिटकॉमची मदत घ्यावी लागेल. ‘ऑल इन द फॅमिली’ ही नॉर्मन लिअर यांची मालिका 12 जानेवारी 1971 रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. बीबीसीच्या एका मालिकेवर ती बेतलेली होती. तिच्याही पहिल्या पर्वाचे भाग 13 च होते. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातील आर्ची बंकर हा कामगारवर्गातील गृहस्थ कृष्णवर्णीय, ज्यू, स्त्रिया, तरुण अशा सर्वांविषयी पूर्वग्रह बाळगून आहे आणि आपल्या खुर्चीत बसून ते मोठ्याने बोलून दाखवतो. जावई माइक त्याच्याशी वाद घालतो. पत्नी एडिथ भाबडेपणाने असे काही बोलून जाते की आर्चीचा मुद्दाच कोसळतो. पहिल्या भागाआधी वाहिनीने प्रेक्षकांना सावध करणारे निवेदन दाखवले होते. सुरुवातीला प्रेक्षक थोडे होते. उन्हाळ्यात भाग पुन्हा दाखवले गेले तेव्हा ते वाढले, आणि पुढे सलग पाच वर्षे ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली.

लिअर यांचा हेतू आर्चीच्या पूर्वग्रहांना हास्यास्पद ठरवण्याचा होता. 1974 मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळले की ज्यांच्या मनात आधीपासून पूर्वग्रह होते त्यांना आर्ची आपलाच माणूस वाटत होता. विनोद एकच, पण हसणारे दोन गट. एक आर्चीला हसत होता, दुसरा आर्चीबरोबर हसत होता.

‘हम लोग’च्या प्रेक्षकांचा अभ्यास अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी केला. त्यांना असेच काहीसे दिसले. साबिदोच्या रीतीनुसार भागवंती हे टाळण्याजोगे पात्र होते. नवऱ्याचे आणि सासूचे सारे निमूट सहन करणाऱ्या बाईची काय अवस्था होते, हे पाहून स्त्रियांनी धडा घ्यावा, अशी योजना होती. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांनी, विशेषतः स्त्रियांनी, तिलाच आदर्श मानले. त्यांनी तिच्यात पराभव पाहिला नाही, घर तोलून धरणारी बाई पाहिली. ज्या पात्रापासून दूर राहायचे तेच जवळचे व्हावे, या घटनेला माध्यम-अभ्यासात ‘आर्ची बंकर परिणाम’ असे नाव आहे.

याचे एक स्पष्टीकरण संस्कृतीत आहे. मराठीत ‘सोशिक’ हा शब्द स्तुतीसाठी वापरतात. ‘तिने फार सोसले’ या वाक्यात तक्रार असते आणि कौतुकही असते. जेथे सोसण्याला प्रतिष्ठा आहे तेथे सोसणाऱ्या पात्राला शिक्षा झाली की प्रेक्षक धडा घेत नाही, हात जोडतो. जितकी शिक्षा जास्त तितकी पात्राची उंची जास्त.

पण केवळ संस्कृतीवर बोट ठेवून भागत नाही. साच्याचाही वाटा आहे. कौटुंबिक मालिकेचे नेपथ्य म्हणजे घर. लल्लू बाहेर जातो, नन्हे बाहेर जातो, मझली तर शहर सोडून जाते. कॅमेरा मात्र घरात असतो आणि घरात कायम असते ती भागवंती. जो कायम पडद्यावर आहे, ज्याच्याकडे बाकीचे परत येतात, तो प्रेक्षकाच्या लेखी आपोआप केंद्र होतो. आर्चीची खुर्ची जशी त्या दिवाणखान्याच्या मध्यभागी होती (ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे) तशीच भागवंतीची चूल या घराच्या मध्यभागी आहे. लेखक पात्राला ‘टाळा’ अशी चिठ्ठी लावतो. घराची रचना मात्र त्याच पात्राच्या हाती किल्ल्या देते.

स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. संदेश पाठवणारा त्यात एक अर्थ भरतो. घेणारा तो जसाच्या तसा स्वीकारू शकतो, आपल्या परिस्थितीशी जुळवून घेऊ शकतो किंवा नाकारू शकतो. भागवंतीला आदर्श मानणाऱ्या प्रेक्षक स्त्रियांना ‘संदेश कळला नाही’ असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरातून बाहेर पडण्याची वाट दिसत नाही त्या घरात सोसणे ही निदान एक शक्ती आहे, असे त्यांनी वाचले असेल तर तो अडाणीपणा ठरत नाही. तो त्यांच्या परिस्थितीचा अहवाल ठरतो. या ठिकाणी समीक्षकाने प्रेक्षकाला नापास करण्याची घाई करू नये.

तरीही हा प्रश्न पुरा सुटत नाही. भागवंतीवर माया करणारा प्रेक्षक तिच्या सुटकेची मागणी करेलच असे नाही. मायेमुळे अन्याय सुसह्य होतो आणि सुसह्य झालेला अन्याय लांबतो. विनोदी कौटुंबिक मालिका प्रेक्षकाला पात्राच्या जवळ नेते ही तिची ताकद. पण जवळ गेलेल्या माणसाला कधीकधी दोष दिसेनासे होतात, ही तिची जोखीम. दोन्ही एकाच वेळी खरे आहेत.

7. ‘आपण’ची व्याप्ती आणि मर्यादा

पत्रांचा पूर हा ‘हम लोग’च्या यशाचा पुरावा मानला जातो. एकट्या अशोक कुमार यांना चार लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद आहे. कित्येक तरुण-तरुणींनी त्यांना लिहिले की, लग्नाच्या बाबतीत आमच्या आईवडिलांना तुम्हीच समजवा. पडद्यावरचा निवेदक घरातला वडीलधारा झाला होता. उपदेश करण्यासाठी घराबाहेर उभा केलेला माणूस प्रेक्षकांनी आपणहून घरात घेतला. ‘आम्ही’चे ‘आपण’ झाल्याची याहून स्पष्ट खूण मिळणार नाही. लोकांना सल्ल्याचा तिटकारा नव्हता. सल्ला देणाऱ्याने आधी आपल्यात बसावे, एवढीच त्यांची अट होती.

या ‘आपण’ला मर्यादाही होत्या आणि त्या नोंदवायला हव्यात. पहिली भाषेची. उत्तर भारतात मालिकेला मिळालेला प्रतिसाद दक्षिणेतील शहरांत मिळाला नाही. हिंदी घर हे आपोआप साऱ्या देशाचे घर होत नाही. दुसरी वर्गाची. 1984 मध्ये दूरचित्रवाणी संच असलेली घरे थोडी होती. त्या वर्षी देशात प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने, काही महिने जवळपास रोज एक या गतीने, उभी राहिली, तरी संच विकत घेणे सर्वांच्या आवाक्यात नव्हते. निम्न मध्यमवर्गीय घराची ओढाताण बऱ्याच वेळा त्याहून बऱ्या स्थितीतील घरात बसून पाहिली जात होती.

तिसरी मर्यादा दिल्लीशीच जोडलेली आहे. मालिका सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, 31 ऑक्टोबर 1984 रोजी, इंदिरा गांधी यांची हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत दिल्लीत शीख नागरिकांची कत्तल झाली. अधिकृत आकड्यानुसार एकट्या दिल्लीत 2,733 माणसे मारली गेली. राष्ट्रीय एकात्मता हा ‘हम लोग’च्या घोषित विषयांपैकी एक होता. ज्या महानगराच्या कडेला ‘हम लोग’ चित्रित होत होती, तेथेच कोण ‘आपल्यातला’ आणि कोण नाही याचा निवाडा रस्त्यावर झाला. याचा दोष मालिकेला देणे चुकीचे होईल. पण कुटुंबाच्या चार भिंतींत तयार होणारा आपलेपणा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. कौटुंबिक मालिका आपल्याला सासू-सुनेला, बाप-लेकाला समजून घ्यायला शिकवू शकते. शेजारच्या दाराचे काय, हा प्रश्न तिच्या साच्यात बसवणे अवघड असते.

8. समारोप

पहिल्या 13 भागांनी एक गोष्ट दाखवून दिली. प्रेक्षक माणसांकडे आकर्षित होतो, धड्याकडे नाही. धडा माणसाच्या वाटेने आला तर तो ऐकतो, पण मग धड्याचे काय करायचे हे तो स्वतः ठरवतो. भागवंतीच्या बाबतीत त्याने लेखकाच्या योजनेविरुद्ध ठरवले. अशोक कुमारांच्या बाबतीत त्याने निवेदकालाच कुटुंबात ओढले. याच मनोहर श्याम जोशींनी पुढे ‘बुनियाद’मध्ये फाळणीने उखडलेले कुटुंब उभे केले. तेथे सांगायचे होते ते मोठे होते, पण ते पात्रांच्या तोंडून आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या दिवसांतून सांगितले गेले. ‘हम लोग’च्या आरंभीच्या अडखळण्यातून मिळालेले शहाणपण तेथे कामी आले, असे म्हणता येईल.

आजही शासन, संस्था आणि कंपन्या मालिकांकडून संदेश पोहोचवण्याची अपेक्षा ठेवतात. अशी मालिका तपासताना विद्यार्थ्यांनी संदेश कोणता हे शोधून थांबू नये. कॅमेरा कोणाजवळ थांबतो, घराच्या मध्यभागी कोण आहे, आपण कोणाला हसतो आणि कोणाबरोबर हसतो, हे पाहावे. लेखकाने मनात योजलेले आणि पडद्यावर घडलेले यांतले अंतर तेथे सापडते.

सरावासाठी प्रश्न

1. ‘हम लोग’ला सिटकॉम म्हणता येईल का? दोन्ही साच्यांची लक्षणे सांगून आपले मत मांडा.

2. ‘भरलेले घर दाखवणाऱ्या कलाप्रकाराकडून रिकाम्या घराचा प्रचार करून घेणे कठीण असते.’ या विधानाची चर्चा करा.

3. आर्ची बंकर आणि भागवंती या दोन पात्रांच्या बाबतीत प्रेक्षकांचा प्रतिसाद लेखकाच्या अपेक्षेहून वेगळा का ठरला? संस्कृती आणि साचा या दोन्ही कारणांचा विचार करा.

4. आपल्या मातृभाषेत ‘हम लोग’ या शीर्षकासाठी कोणता शब्द वापराल? त्या शब्दात ऐकणारा आत येतो की बाहेर राहतो, हे उदाहरणासह स्पष्ट करा.

5. आपण पाहिलेल्या कोणत्याही एका कौटुंबिक मालिकेचे पहिले पर्व निवडा. त्यात कायम घरात दिसणारे पात्र कोणते? त्या पात्राविषयी मालिका काय सांगू पाहते आणि आपल्याला काय वाटते, यांची तुलना करा.